जाळरेषेवरून सासुरवाडी

आमचे सासरेबुवा जगात कोणाचंही मत विचारतात. फ्रीज घ्यायचा होता तेव्हा त्यांनी दूधवाल्याला विचारलं, दातांच्या डॉक्टरांना स्वतःचं तोंड उघडं असताना विचारलं, आणि चुकून फोन लागलेल्या कुठल्याशा बाईंना फोन ठेवू न देता विचारलं. मी तेव्हा त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसलो होतो. आमच्याकडे तोच फ्रीज होता. पण मला विचारावं असं काही त्यांना वाटलं नाही. मुलगी दिल्यापासून आजपर्यंत त्यांनी मला "चहा घेणार का?" यापलीकडे एकही प्रश्न विचारलेला नाही, आणि त्याचंही उत्तर ऐकायला ते थांबत नाहीत.

बायको म्हणते, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? तिचं काय जातं म्हणायला! तिला सगळे विचारतात. मला फ्रीज नको होता, मानपान नको होता. त्या माणसाने एकदा, अगदी एकदाच, माझ्याकडे वळून "तुम्हाला काय वाटतं?" म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. आणि त्यासाठी मी सायकलवरून डोंगर ओलांडायला निघालो. आता यात डोंगर कुठून आला, असं तुम्ही विचाराल. तुम्ही निदान विचारता तरी.

आमचं गाव डोंगराच्या अलीकडे, सासुरवाडी पलीकडे, आणि मध्ये जंगल. बस डोंगराला वळसा घालून जाते आणि त्या वळशात माणसाचा अर्धा दिवस आणि अख्खी कंबर जाते. सासरेबुवा बांधकाम खात्यात मोठे इंजिनिअर होते. डोंगरावरून सरळ रस्ता काढा अशी मागणी त्यांच्या नोकरीत जेव्हा जेव्हा आली, तेव्हा तेव्हा ते जातीने पाहणी करून आले आणि "तिथून रस्ता होऊ शकत नाही" असा निकाल देऊन मोकळे झाले. लोक रस्ते बांधून नाव कमावतात, यांनी न बांधून कमावलं. निवृत्तीच्या समारंभात भाषण करणाऱ्या प्रत्येकाने त्या न झालेल्या रस्त्याचा उल्लेख केला होता.

मी नगररचना कार्यालयात नकाशे काढतो. आमचं आणि बांधकामवाल्यांचं कधी पटलेलं नाही. आम्ही नकाशावर रेघ मारतो, ते येऊन म्हणतात इथे विहीर आहे. आम्ही म्हणतो, नकाशात विहीर नाही. यावर ते काहीतरी अपशब्द बोलतात आणि फाईल परत येते. आमच्याकडे एकदा रेघ मारली की रस्ता झाला असं धरतात. आमच्या साहेबांनी तर अशाच एका रेघेच्या दोन्ही बाजूंना सावलीसाठी झाडंही लावली आहेत, हिरव्या पेन्सिलीने.

तर एका रविवारी सासुरवाडीला जेवताना सासरेबुवांनी टीव्हीवरच्या बातम्यांकडे बघत नेहमीचं वाक्य टाकलं, "तिथून रस्ता नाहीच होऊ शकत." बातमी दुसऱ्याच कुठल्यातरी रस्त्याची होती, पण त्यांना तेवढं पुरतं.

"आहे," मी म्हणालो.

बायकोने टेबलाखालून माझा पाय दाबला. पण मी आता थांबणार नव्हतो. "उपग्रहावरून काढलेल्या चित्रात मी स्वतः पाहिलाय. आमच्या गावाकडून निघून थेट तुमच्या मागच्या टेकडीपर्यंत स्वच्छ पांढरी रेघ आहे. खडीचा रस्ता असणार. त्यावरून सायकल जाते. ग्रॅव्हल बायकिंग म्हणतात त्याला."

हा शब्द मला कळून जेमतेम आठवडा झाला होता. जेवणाच्या सुट्टीत मी एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात कुठल्यातरी दाट जंगलातून, चढउतारांच्या खडीवरून, हसतमुख माणसं सायकली हाकत होती. ती चढावरही हसत होती. तिथेच मला संशय यायला हवा होता.

सासरेबुवांनी माझ्याकडे न बघता सासूबाईंना विचारलं, "काय म्हणतायत?"

"सायकलवर येणार म्हणतायत, डोंगरावरून."

"बसने या म्हणावं," ते म्हणाले आणि पाणी मागितलं. झालं! त्याच क्षणी मी ठरवलं, की पुढच्या रविवारी डोंगरावरूनच यायचं, आणि ह्यांच्या मागच्या दारात सायकल उभी करूनच घंटी वाजवायची.

सायकलीच्या दुकानातला माणूस फार नम्र होता. अशा माणसांपासून सावध राहावं. "ग्रॅव्हल म्हणजे कसं आहे सर, ती धड रस्त्याची सायकल नाही आणि धड डोंगराची पण नाही. दोन्हीच्या मध्ये," तो म्हणाला. म्हणजे आमच्याकडे प्रतिनियुक्तीवर आलेले अधिकारी असतात तशी. मला ती एकदम ओळखीची वाटली. तिचं हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं होतं. सीट इतकी अरुंद होती, की ती बसण्यासाठी आहे हे त्याला तोंडाने सांगावं लागलं. त्यावर उपाय म्हणून त्याने आतून गादी शिवलेली एक चड्डी दिली. गादी सीटला लावायची सोडून माणसाला का लावतात, असं मी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "सर, ते इंटरनॅशनल आहे."

ती चड्डी घालून मी आरशासमोर उभा असताना बायको आत आली. तिने मला पुढून पाहिलं, मग मागून पाहिलं.

"हे घालून तुम्ही माझ्या माहेरी येणार?"

"वरून पँट घालणार आहे."

"आतून गादी, वरून पँट. मग डोक्यावर मच्छरदाणीही घ्या," ती म्हणाली आणि निघून गेली. संसारात प्रोत्साहन असावं ते असं.

खरा प्रश्न पुढे होता. आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींनी सायकल लिफ्टमधून न्यायला मनाई केली. "लिफ्ट माणसांसाठी आहे," ते म्हणाले.

"मग परवा तुमचा सोफा कसा वर गेला?"

"त्यावर माणूस बसला होता."

नियम म्हणजे नियम. तेव्हापासून मी हेल्मेट घालून, सायकलवर बसून, एक पाय लिफ्टच्या भिंतीला टेकवून खाली-वर जाऊ लागलो. प्रत्येक मजल्यावर दार उघडायचं, बाहेरचे लोक मला बघायचे आणि "तुम्ही व्हा पुढे," म्हणायचे. माझ्या प्रतिष्ठेला पहिला तडा तिथे गेला, आणि तोही एकही पायडल मारण्याआधी.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. त्यांना सगळे वरचे काका म्हणतात. त्यांनी आयुष्यात सायकल चालवलेली नाही, त्यामुळे त्यांचं मत निःपक्षपाती होतं. "चढावर श्वास घ्यायचा नाही," त्यांनी सांगितलं.

"मग काय करायचं?"

"सोडायचा. नुसता सोडत राहायचा. घेतला जातो आपोआप." मग त्यांनी मुद्द्याला हात घातला. "आणि ही तुमची घंटी? ही घंटी आहे का शर्टाचं बटण? जंगल आहे ते. जनावरांना आधी कळायला हवं, की कोणीतरी येतंय. नाहीतर ती दचकतात आणि मग आपल्याला दचकावं लागतं." दुसऱ्या दिवशी ते कुठूनतरी एक पितळी घंटा घेऊन आले आणि स्वतःच्या हाताने हँडलला तारेने बांधून गेले. ती सोडवायला पक्कड लागली असती आणि पक्कड त्यांच्याकडेच होती.

जंगलात शिरायचं तर परवानगी लागते, असं ऑफिसात कोणीतरी म्हणालं. मी सरकारी माणूस, परवानगीशिवाय मला शिंकही येत नाही. अर्धी रजा टाकून वनखात्याच्या कार्यालयात गेलो. चौकशीच्या खिडकीत एक बाई बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "लाकूड की मध?"

"सायकल."

आता मात्र त्यांनी मान वर केली. "सायकल वाहन आहे का?"

"आहे की."

"जंगलात वाहनांना बंदी आहे."

"मग नाही."

"वाहन नसेल तर माल झाला. मालाला वाहतुकीचा परवाना लागतो. पण तो जंगलातून बाहेर आणायच्या मालाला मिळतो. तुम्ही आत नेताय."

"अहो, पलीकडून बाहेर आणणारच आहे ना!"

"मग बाहेर आणाल तेव्हा या." बाईंनी माझं पडलेलं तोंड पाहिलं आणि त्यांना जरा कणव आली असावी. आवाज खाली आणून म्हणाल्या, "खांद्यावर असली, तर मात्र सामान. सामानाला कोणी अडवत नाही."

"म्हणजे मी सायकल खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडायचा?"

"असं मी म्हटलेलं नाही. मी फक्त व्याख्या सांगितली." खिडकी बंद झाली.

रविवारी बायको पहाटेच्या बसने माहेरी गेली. जाताना म्हणाली, "उगाच हट्ट करू नका. वाटलं तर परत फिरा. बाबांना मी सांगेन, तब्येत बरी नव्हती." याला आधार देणं म्हणत असतील तर मला माहीत नाही. मी सायकलवर बसून लिफ्टने खाली उतरलो. फाटकाशी वरचे काका स्वेटर घालून उभे होते. "श्वास!" एवढंच ते ओरडले.

खरं सांगायचं, तर सुरुवातीचा टप्पा फार सुंदर होता. गाव संपलं, डांबर संपलं आणि झाडांमधून लाल खडीचा रस्ता सुरू झाला. चाकांखाली खडी करकरत होती. एका बाजूला ओढा होता. ऊन पानांतून गाळून येत होतं. एका वळणावर तर मी चक्क हसलो, त्या व्हिडिओतल्या माणसांसारखा. कुठे जायचंय, का जायचंय, सगळं विसरून मी मजेत पायडल मारत होतो. मला फार आनंद झाला होता आणि तो सांगायला शेजारी कोणी नव्हतं याचं वाईटही वाटलं. मग मी मनातल्या मनात सासरेबुवांना शेजारी घेतलं आणि त्यांना हा रस्ता दाखवत निघालो. मनातले सासरेबुवा फार समजूतदार होते. सारखं माझं मत विचारत होते.

मग रस्ता एका गेटाशी संपला आणि तिथून वर माझी पांढरी रेघ सुरू झाली.

आता जरा या रेघेबद्दल. जंगलात वणवा लागला तर तो पसरू नये, म्हणून वनखातं झाडं तोडून, गवत जाळून एक पट्टा मोकळा करून ठेवतं. त्याला जाळरेषा म्हणतात. हे मला त्या दिवशी नंतर कळलं. जाळरेषा माणसांसाठी नसते, आगीसाठी असते, आणि आगीला दम लागत नाही. म्हणून ती डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत सरळसोट जाते, जशी पट्टी धरून मारावी तशी. एवढी सरळ रेघ पाहून कोणाही शहाण्या माणसाला शंका आली असती. पण माझा जन्म पट्टी धरून रेघा मारण्यात गेलेला. मला ती घरची वाटली.

थोडा चढ सायकलवर बसून केला. मग उतरून ढकलत केला. मग सायकल माझ्यावर घसरायला लागली, तेव्हा नाइलाजाने ती खांद्यावर घेतली. म्हणजे त्या खिडकीतल्या बाईंच्या व्याख्येत मी अगदी चोख बसलो. पायाखाली जळलेल्या गवताची राख होती, ती प्रत्येक पावलाला उडून घामावर बसत होती. आणि प्रत्येक पावलाला ती पितळी घंटा वाजत होती. ठण, ठण, ठण. वरच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे मी श्वास सोडत होतो. घेतला जात होता की नाही, ते आठवत नाही. पँट एका खुंटाला अडकून गुडघ्यापासून वरपर्यंत फाटली आणि आतली इंटरनॅशनल गादी उघड्यावर आली. परत फिरावं असं किती वेळा वाटलं! पण मग "तब्येत बरी नव्हती" ऐकून सासरेबुवांनी टीव्हीचा आवाज वाढवलेला मला दिसायचा आणि मी आणखी एक पाऊल टाकायचो.

माथा आला. पलीकडे खाली सासुरवाडीची घरं दिसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्यात राखही होती. उतार पाहून मी सामानाचं पुन्हा वाहन केलं आणि वर बसलो. ब्रेक दाबले. सायकल म्हणाली, तुम्ही थांबा हवं तर, मी निघते. पावसाचं पाणी मुरावं म्हणून वनखात्याने उतारावर आडवे चर खणलेले असतात. उपग्रहाच्या चित्रात ते मला बारीक, नाजूक रेषांसारखे दिसले होते आणि मी मनात म्हटलं होतं, वा, काय सुबक काम आहे. त्यातल्या पहिल्याच सुबक कामात पुढचं चाक गेलं, त्याच्यामागून मी गेलो आणि माझ्यामागून उरलेली सायकल आली. घंटा शेवटची एकदा वाजली.

किती वेळ गेला कोण जाणे. चराच्या काठावर खाकी कपड्यांतल्या एक वनरक्षक बाई येऊन उभ्या राहिल्या. हातात काठी, चेहऱ्यावर वैताग.

"सकाळपासून गाय शोधतेय मी," त्या म्हणाल्या. "घंटा ऐकू येते आणि गाय काही दिसत नाही. कोण तुम्ही?"

"जावई," मी खालून म्हणालो. त्या अवस्थेत माझी तेवढीच ओळख मला आठवली.

"कोणाचे?"

मी नाव सांगितलं नाही. कुठल्या तोंडाने सांगणार? त्या म्हणाल्या, "जाळरेषेत यायला बंदी आहे, माहीत नाही? त्यातून वाहन घेऊन?"

"हे वाहन नाही बाई, सामान आहे."

"सामान अंगावर घेतलेलं असतं," त्या माझ्याकडे आणि माझ्यावर पडलेल्या सायकलीकडे बघत म्हणाल्या. "इथे त्याने तुम्हाला घेतलंय असं दिसतंय. चला चौकीवर. साहेब ठरवतील काय ते."

त्यांनी मला बाहेर काढलं, झाडीत नेलं, आणि पुढे जे दिसलं त्याने मी जागीच उभा राहिलो. जाळरेषेपासून हाकेच्या अंतरावर, झाडांच्या सावलीतून, एक वाट होती. चांगली बैलगाडी जाईल एवढी रुंद. हळूहळू वळणं घेत उतरणारी, कडेला दगड लावलेली, वर बारीक खडी पसरलेली. असला गोड उतार की सायकलीला हात लावायची गरज नाही.

"ही वाट कसली?" मी विचारलं.

"कुठली?"

"ही. आपण चालतोय ती."

"ही वाट नाही. आमचा गस्तीचा मार्ग आहे."

"आणि जाते कुठे?"

"तिकडून इकडे, इकडून तिकडे."

"अहो, मग वाटच झाली की!"

"नोंद नाही," बाई म्हणाल्या. पण मला आता नोंदीशी काय करायचं होतं! रस्ता होता! म्हणजे मी बरोबर होतो, फक्त मारलेली रेघ जरा बाजूला सरकली होती, आणि एवढं आमच्या कार्यालयात चालतं. लंगडत, काळ्या तोंडाने, फाटक्या पँटने मी अगदी ऐटीत चौकीवर दाखल झालो.

चौकीतले रेंजर साहेब शांतपणे केळं सोलत होते. त्यांनी मला खुर्ची दिली, अर्धं केळं दिलं आणि मग कायदा सांगितला. "हे बघा, तुम्ही वाटेने येत होता आणि वाट चुकलात, असं असेल तर तुम्ही वाटसरू. समज देऊन सोडून देऊ. पण वाटच नसेल, तर मग तुम्ही मुद्दाम घुसलात. मग सायकल जप्त, आणि उद्या तुम्हाला वरच्या कार्यालयात हजर करणार."

"पण वाट आहे ना! आत्ता तिच्यावरूनच आलो."

"नोंद नाही," साहेबही म्हणाले. मी खिडकीतून जप्त मालाच्या शेडकडे पाहिलं. तिथे लाकडांच्या राशीशेजारी एक टेम्पो उभा होता आणि त्याच्या ड्रायव्हरच्या जागेतून झाड उगवलं होतं. "मात्र जुनी वहिवाट असेल तर जुन्या माणसाची साक्ष चालते. या गावात तुमच्या ओळखीचं कोणी आहे का? वयस्कर, वजनदार? जो सांगेल, की होय, इथून पूर्वीपासून जाणं-येणं होतं?"

माझ्या ओळखीचा या गावात एकच वयस्कर, वजनदार माणूस होता. अर्धं केळं कसंबसं गिळून मी बायकोला फोन लावला.

थोड्याच वेळात सासऱ्यांची गाडी चौकीसमोर थांबली. बायको चालवत होती. ती उतरली, माझ्याकडे पाहिलं आणि वनरक्षक बाईंना म्हणाली, "आमचे हे कुठे आहेत?" मी हात वर केला. मग तिने ओळखलं, आणि पहिलं वाक्य बोलली, "पँट घालणार होतात ना?" पण बोलता बोलता तिने पदराने माझं कपाळ पुसलं आणि राख सगळीकडे सारखी झाली. सासूबाईंनी थर्मास उघडून मला चहा दिला. सासरेबुवा माझ्याकडे न बघता सरळ आत गेले.

त्यांना पाहताच रेंजर साहेब ताडकन उभे राहिले. "साहेब, तुम्ही! इथून रस्ता होऊच शकत नाही, हे ज्यांनी सांगितलं ते तुम्हीच ना? आमच्या खात्यात तुमचं नाव फार आदराने घेतात. तुमच्यामुळे जंगल वाचलं." मग ते थबकले. त्यांच्या लक्षात अडचण आली. "पण मग... साक्ष... म्हणजे तुमच्या मते इथे वाट नाहीच?"

सासरेबुवांनी खिडकीतून त्या डोंगराकडे पाहिलं. मला काय वाटायला हवं होतं, तर आनंद. आता म्हणा, "वाट नाही"! म्हणा, आणि न्या जावयाला उद्या वरच्या कार्यालयात! पण मला एकदम त्यांची दया आली. अख्खी नोकरी एका वाक्यावर उभी केलेला माणूस. ते वाक्यच मागे घ्यायचं? तेही माझ्यासाठी? मी म्हणणारच होतो, की जाऊ द्या बाबा, न्या सायकल, लावा तिच्यात झाड.

"बाबा," बायको दारातून म्हणाली. एवढंच म्हणाली.

"वाट आहे," सासरेबुवा म्हणाले.

रेंजर साहेब खुर्चीत बसले. "नक्की ना साहेब? म्हणजे, तुम्हाला स्वतःला माहिती आहे?"

"माहिती आहे म्हणजे काय! मी स्वतः गेलोय. सायकलवरून. लग्नाच्या आधी, तरुण होतो तेव्हा. एकदा नाही, दर आठवड्याला." त्यांचा आवाज चढत गेला. माणूस खोटं बोलताना अडखळतो, हे तर रंगात आले होते. "वर गेल्यावर पहिल्या वळणाला पाण्याचं टाकं आहे, तिथे थांबायचं. पुढे मोठ्या झाडापासून उतार लागतो, तिथे ब्रेक लावायचा नाही, सायकल सोडून द्यायची. गार वारा लागतो असा! येताना दिव्याचा डायनॅमो बंद करून चांदण्यात यायचो. काय वाट होती! डोळे मिटून गेलो असतो मी."

त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. वनरक्षक बाईसुद्धा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होत्या. आणि मग थर्मासचं झाकण हळूहळू, शेवटपर्यंत फिरवून घट्ट लावल्याचा आवाज आला.

"कोणाकडे?" सासूबाईंनी विचारलं.

"अं?"

"पलीकडच्या गावात दर आठवड्याला कोणाकडे जायचात? हिचं लग्न ठरवताना तर म्हणाला होतात, त्या गावात मी आयुष्यात पाऊल ठेवलं नाही."

सासरेबुवांनी रेंजरकडे पाहिलं. रेंजर साहेब केळ्याच्या सालीकडे बघत होते. "टायपिंगचा क्लास होता," सासरेबुवा म्हणाले.

"तुम्हाला कुठे येतं टायपिंग?"

"म्हणजे... शिकलो नाही शेवटी."

"आणि खात्याच्या पाहण्यांना गेलात, दिवस दिवस, एकटेच? तेव्हाही टायपिंगच?"

मी बायकोकडे पाहिलं, बायकोने छताकडे पाहिलं. रेंजर साहेब घाईघाईने उठले आणि म्हणाले, साक्ष पुरेशी झाली, खरं तर जास्तच झाली, सायकल सोडून द्या यांची. सासूबाई थर्मास उचलून बाहेर गेल्या. गाडीच्या मागच्या सीटवर बरोबर मधोमध बसल्या आणि शेजारी थर्मास ठेवला.

"गाडीत जागा नाही," त्या म्हणाल्या. "चल गं."

बायकोने माझ्याकडे पाहून खांदे उडवले. गाडी गेली. चौकीच्या अंगणात आम्ही दोघे आणि सायकल एवढेच उरलो. मी सासरेबुवांचे आभार मानायला तोंड उघडलं, पण ते गाडीमागे उडालेल्या धुळीकडे बघत उभे होते. मग त्यांनी घसा साफ केला, माझ्याकडे वळले, आणि पहिल्यांदाच सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"तुम्हाला काय वाटतं?" ते हळूच म्हणाले. "आता काय करावं?"

मी घाई केली नाही. इतक्या वर्षांनी आलेला प्रश्न होता. घराच्या दिशेला पाहिलं, डोंगराच्या दिशेला पाहिलं, नीट विचार केला आणि सायकलचं हँडल त्यांच्यापुढे केलं.

"अंधार पडायला अजून वेळ आहे, बाबा," मी म्हणालो. "आणि वाट तर तुम्हाला पाठ आहे."

मला वाटलं, आता भडकणार. सासरेबुवांनी इकडे-तिकडे पाहिलं, खाली वाकले आणि मागचं टायर अंगठ्याने दाबून बघितलं.

"हवा जरा कमी वाटतेय," ते म्हणाले.